खोली मिळाली, पण पुढं?

वर कुणीतरी लिहिलंय की स्टेशनसमोर झोपणाऱ्यांना निवारा केंद्रात नेऊन सोडलं की विषय संपला. अहो, काम तिथनंच चालू होतंय की. मी सोलापुरात ह्याच लोकांना निवाऱ्यातनं स्वतःच्या खोलीत बसवायचं काम करतो.

पहिलं आधार कार्ड. पत्त्याचा पुरावा नसला तरी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की निघतं, पण हे कित्येकांना माहीतच नसतंय. मग बँक खातं, मग सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये, पण त्याला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला पायजे, आता फुटपाथवरचा माणूस तो कुठनं आणणार सांगा.

बरं, खोली मिळाली तरी घरमालकाचा पहिला प्रश्न, "ह्यांचं कोण हाय?" तिथं आमचा नंबर द्यायचा आणि रात्री अकराला आला तरी फोन उचलायचा. आमच्या निवाऱ्यातले एक मामा यंत्रमागावर लागले, खोली घेतली, तरी रात्री चादर घेऊन परत स्टेशनवर, एकटं करमेना म्हणून. त्यांना उपदेश करून काय उपयोग? त्यांचा पगार झाला की मी भाडं आधी बाजूला काढून घेतो आणि शेजारच्यांशी चार गप्पा मारून येतो, ते आता बऱ्यापैकी रुळलेत. डिपॉझिटसाठी कुठं मदत मिळत असेल तर इथं सांगा, आमची गाडी तिथंच अडते.