तिघंही कर्णबधिर, आणि कंपनी त्यांचीच

कर्णबधिरांसाठी उपकरणं काढायची तर पाठीशी बडी कंपनी हवी, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट वाइटब्रेख्त यांचंच बघा. स्वतः कर्णबधिर, भौतिकशास्त्रज्ञ आणि हौशी रेडिओचालक. टेलिफोन येऊन ८८ वर्षं झाली होती, तरी कर्णबधिर माणसाला साधा निरोप द्यायला दुसऱ्याची मनधरणी करावी लागे. त्यात तिथली टेलिफोन कंपनी परकं यंत्र आपल्या लाइनला जोडू देत नसे. मग १९६४ साली वाइटब्रेख्त यांनी न जोडताच काम भागवलं! फोनचा रिसीव्हर कपलरच्या, म्हणजे अक्षरांचे सूर करून फोनला ऐकवणाऱ्या पेटीच्या, दोन खळग्यांत ठेवायचा आणि टेलिप्रिंटरवर, म्हणजे दूरचा मजकूर कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर, टाइप करायचं. अक्षरं १४०० आणि १८०० हर्ट्झच्या सुरांतून जात आणि पलीकडे कागदावर उमटत. दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स त्यांचे भागीदार, तेही कर्णबधिर. यंत्रं कुठली? मोडीत निघालेले धूड टेलिप्रिंटर! ते दुरुस्त करायला कर्णबधिर कार्यकर्तेच राबले, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बाहेरची उपकरणं लाइनला जोडायची वाट अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९६८ साली कार्टरफोन नावाच्या उपकरणाबाबत दिलेल्या निकालाने मोकळी झाली. तोवर यांचे फोन सुरूही झाले होते.