जड स्प्रिंगच्या आधी पेलेट बघा

दादा, ग्रुप (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) पसरतोय म्हणून तुम्ही ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग चढवायच्या एअर रायफलला जड स्प्रिंग टाकायची म्हणताय. कळकळीने सांगतो, नका टाकू. पेलेट (एअर रायफलचा छर्रा) नळीबाहेर पडेपर्यंत स्प्रिंगने ढकललेल्या पिस्टनच्या झटक्याने रायफल हललेली असते. स्प्रिंग जोरदार केली की तो झटका वाढतो आणि धरण्यातली बारीक चूकसुद्धा कार्डावर उमटते. दहा मीटरच्या कार्डावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा. तिथे जास्त वेगाचा काय उपयोग? स्पर्धेच्या मॅच रायफलीही सेकंदाला साधारण १७०-१७५ मीटरवरच चालतात.

खरा फरक पेलेटचा. ४.५ मिमीमध्येही हेडचं (पुढच्या टोकाचं) माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं मिळतं, आणि कुठल्या नळीला कुठलं मानवेल ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रत्येकाची एकेक डबी आणा, पाच-पाचचे ग्रुप काढा, सगळ्यात लहान ग्रुप देईल ते ठेवा. चाचणी घेताना रायफल थेट वाळूच्या पिशवीवर टेकवू नका. मध्ये तळहात ठेवा, त्यावर ती नुसती विसावू द्या, आवळू नका.

त्याआधी स्टॉकचे स्क्रू बघा. आपल्या सांगलीच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नंतर सुकतं आणि स्क्रू ढिले पडतात. नळीत तेल राहिलं असेल तर पहिले शॉट भलतीकडेच जातात, फेल्टच्या बोळ्याने ती कोरडी करून घ्या.

ट्रिगर हलका करायला काही जण सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत पिस्टन अडवून धरणारा खटका) कानशीने घासतात. ते अजिबात नको, बोट न लागता रायफल सुटू शकते. समायोजनाचा स्क्रू दिला असेल तर तेवढाच फिरवा.