मदत हवी आहे : 'पीकी ब्लाइंडर्स' या ब्रिटिश मालिकेचा दुसरा सीझन, नेमका कोणता प्रसंग टाळायचा?

पहिला सीझन मी आणि माझ्या मैत्रिणीने एकत्र पाहिला. १९१९चं बर्मिंगहॅम, युद्धावरून परतलेली माणसं, ते धुराने काळवंडलेलं वातावरण, सगळं दोघींना फार आवडलं. आता २०१४चा दुसरा सीझन सुरू करायचा आहे.

अडचण अशी : मारामारी, रक्त, वस्तरे, शिव्या हे सगळं तिला चालतं. लैंगिक अत्याचार मात्र ती अजिबात पाहू शकत नाही, आणि त्यामागचं कारण खरं आहे. या सीझनमध्ये पॉलीच्या (नायक टॉमीच्या आत्याच्या) बाबतीत तसा प्रसंग आहे एवढं मला कळलंय. अनेक प्रतिक्रिया वाचल्या, पण बहुतेक जण लंडनमधल्या टोळ्या, टोळीप्रमुख सॅबिनी आणि टॉम हार्डीचा अल्फी सॉलोमन्स यांच्यावरच बोलतात. कोणी 'पहिल्यापेक्षा जास्त हिंसक' म्हणतं, कोणी 'तेवढं काही नाही'. वयोमर्यादेच्या सूचनेत नुसतं 'हिंसा' लिहिलंय, त्यावरून काय समजणार?

सीझन सोडून द्या, असं कृपया सुचवू नका. तिलाच तो बघायचा आहे. शेवटही सांगू नका.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी एवढंच सांगा : सहापैकी कोणत्या भागात, साधारण कितव्या मिनिटाला तो प्रसंग सुरू होतो आणि कधी संपतो? पुढच्या भागांत त्याची दृश्यं पुन्हा दाखवतात का? आणि तेवढा तुकडा मी आधी एकटीने पाहून तिला दोन वाक्यांत सांगितला, तर पॉलीचं पुढचं वागणं तिला नीट समजेल का?