शब्दचर्चा : सेल्फ-एस्टीम म्हणजे ‘स्वाभिमान’ का?

शहापूरची
लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी समुपदेशनाचं एक पत्रक मराठीत करायलोय. सेल्फ-एस्टीमपाशी अडलंय. ‘स्वाभिमान’ छापलं तर बेळगावात वाचणाऱ्याला आधी सीमालढा आठवतो. ‘आत्मसन्मान’ भाषणातला वाटतो. काय लिहू?

खानापूरकर
‘आत्मविश्वास’ मात्र नको. घाटात ट्रक चालवणारा गडी मुलगी बघायच्या दिवशी “माझ्यासारख्याला कोण पसंत करतंय” म्हणून बसतो. आत्मविश्वास आहे, दुसरं काहीतरी नाही.
स्वाभिमानाची अडचण वेगळी. तो दुखावल्याशिवाय दिसत नाही. आणि तो पुरुषाच्याच नावावर चढतो. नकार आल्यावर पुन्हा फोन न करणारा पोरगा स्वाभिमानी. तेच पोरीनं केलं की ताठा, तोरा, मिजास. शिव्यांचा साठा बघा, कुणासाठी भरलाय ते कळेल.

निपाणी
मूळ कल्पना तपासून शब्द निवडू. सेल्फ-एस्टीम मोजायला मॉरिस रोझेनबर्गची 1965 ची दहा वाक्यांची प्रश्नावली आजही वापरतात. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा: निदान इतरांच्या बरोबरीनं मी मोलाचा माणूस आहे. यात मानापमान नाही, अपमान करणारा कुणी समोर नाही. स्वतःचा स्वतःशी हिशेब.
श्मिट आणि अलिक या संशोधकांनी 2005 मध्ये याच प्रश्नावलीला 53 देशांत मिळालेली उत्तरं मांडली. सगळ्या देशांची सरासरी मधल्या आकड्याच्या वरच निघाली, जपानची सगळ्यांत खाली. पण ‘मी कशालाच लायक नाही’ छापाची उलटी वाक्यं सगळीकडे सारखी समजली जात नाहीत, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्याकडं “माझं काय एवढं विशेष नाही” ही तर रीतच, त्याला गुण कमी द्यायचे का?
2016 च्या 48 देशांच्या अभ्यासात पुरुषांची सेल्फ-एस्टीमची पातळी बायकांपेक्षा वर होती. गंमत म्हणजे ही दरी श्रीमंत, स्त्री-पुरुष समता जास्त असलेल्या देशांत मोठी. एक स्पष्टीकरण असं देतात की जिथं समता कमी, तिथं बाई स्वतःला शेजारणीशी ताडून बघते, नवऱ्याशी नाही. मला हे पटतं, आमच्या गल्लीत तरी.
पत्रकासाठी उपयोगाचं: जर्मनीतल्या पाहणीत निदान वर्षभर टिकलेल्या नात्यानं ही पातळी वाढलेली दिसली. नातं तुटल्यावर ती घसरली, पण वर्षाच्या आत सावरली.

अनगोळ
कन्नडकडं बघा की. तिथं ‘मर्यादे’ म्हणजे मान, आदर. “मर्यादे कोडी” म्हणजे मान द्या. आपण मात्र तोच शब्द पोरीला “मर्यादेत राहा” म्हणून ऐकवतो. तमिळात पेरियारांच्या 1925 च्या चळवळीचं नावच ‘सुयमरियादै’, म्हणजे स्वतःचा मान, आणि भटजीशिवायच्या त्या ‘स्वाभिमान विवाहां’ना 1967 च्या कायद्यानं मान्यता दिली. नवराबायकोशी हा शब्द असा जोडलेला आहे.

पुण्याहून
मध्येच विचारतो, ‘शहापूरची’ आहात ना? मग ‘करायलोय’ कसं?

शहापूरची
आमच्याकडं बायकाही “मी जातो, मी आलो” म्हणतात. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ (मी जातो किंवा जाते) म्हणताना बाई-पुरुष भेद नाही, त्याचा वारा असावा. प्रश्नावली मराठीत आणताना हेच नडतं: ‘समजतो’ की ‘समजते’? माझ्या आईला ‘समजते’ दिलं तर ती म्हणेल, हे पुण्याच्या कुणीतरी लिहिलंय.

खानापूरकर
मग नाम सोडा, वाक्य लिहा. “स्वतःची किंमत स्वतःला वाटणं.” हुंड्याच्या बैठकीतली किंमत नव्हे, एवढं कंसात घाला.

निपाणी
‘किंमत’ नको, ‘मोल’ घाला. कंस लागणार नाही.

शहापूरची
मोल चालतंय. मथळ्यात ‘आत्मसन्मान’, आत “स्वतःचं मोल”. ‘अनगोळ’, कन्नड पत्रकात कुठला शब्द घातलाय तेवढं बघून टाकता का?