पुराच्या पहिल्या रात्री गावाने काय करावे?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव वैनगंगेच्या काठावर, धानाच्या बांध्यांना लागून आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तिथल्या संजय सरोवर धरणाचे पाणी खाली आले, गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि आमच्याकडे पावसाचा जोर नसतानाही रात्रीतून गावात पाणी शिरले. नदी समोरून येईल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात चढलेल्या नदीने नाल्याचे पाणी मागे लोटले आणि गावामागचा रस्ताच आधी बुडाला. बचाव पथकाची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोपर्यंत छपरांवर बसलेली माणसे उतरवली ती मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या मोहल्ल्यातील दोन डोंग्यांनी (लाकडी होड्यांनी).

एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. शेजारच्या कोठ्यात दोन बैल बांधलेले होते. छातीभर पाण्यातून मी आत गेलो, पण भिजलेल्या दाव्याची गाठ इतकी आवळली होती की बोटांनी सुटेना. कोणीतरी विळा आणून देईपर्यंत एकच बैल उरला होता.

बाहेरची मदत पोहोचेपर्यंतच्या त्या बारा-पंधरा तासांसाठी गावाने आधीपासून काय ठरवून ठेवावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त शिक्षक, पवनी

आपला प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. आम्ही त्याच पुरानंतर एक साधी गोष्ट केली आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो. खालच्या मोहल्ल्यातील प्रत्येक घराला वरच्या मोहल्ल्यातील एक घर जोडून दिले. पाणी चढू लागले की कोणी कोणाकडे जायचे, म्हाताऱ्या माणसांना कोणी उचलायचे, कोणाची शिधापत्रिका व सातबारा कोणाच्या पेटीत ठेवायचा, हे ग्रामसभेत सर्वांसमोर नावे घेऊन ठरले. सुरुवातीला कुरबुर झाली, कारण ज्यांच्या घरी कधी पाणीही प्यायले नाही त्यांच्या ओसरीवर रात्र काढायची होती. ही कुरबुर उन्हाळ्यात होऊन गेली हे बरे झाले. पुराच्या रात्री तिला वेळ नसतो.

सगळ्यांना शाळेत न्यावे असे बहुतेक ठिकाणी ठरवले जाते. आपली शाळा नाल्यापासून किती उंचीवर आहे ते आधी पाहा. आमची शाळाच पहिल्यांदा बुडाली होती.

नावांची यादी आम्ही आधी मोबाइलवरील गटात टाकली होती. वीज गेली, टॉवर बंद पडला आणि यादी कोणाच्याच हाती राहिली नाही. आता ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तैलरंगाने लिहिलेली आहे. भोंगाही विजेवर चालतो, त्यामुळे इशाऱ्यासाठी देवळाची घंटा ठरवली. वर्धेच्या काठावरील मोवाड येथे ३० जुलै १९९१ च्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली, ही आठवण आमच्या पिढीला आहे. पण ज्यांना ती नाही, अशी तरुण मुलेच आज घंटेजवळ आळीपाळीने जागतात. त्यांना ती आम्ही मुद्दाम सांगतो.

पैनगंगाकाठ, उमरखेड

गुरुजींच्या म्हणण्यात एक भर घालतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाशी विदर्भाचा संबंध नाही, असे आमच्याकडेही सगळे म्हणत. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाऊस ओसरला नाही. तेच कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणावरून विदर्भ-मराठवाड्याकडे सरकले. २८ तारखेला सकाळी आमच्या तालुक्यातील दहागावच्या पुलावरून वाहत्या पाण्यात एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. सोयाबीन तेव्हा सोंगणीला आलेले होते. माझी स्वतःची कापून ठेवलेली गंजी पाण्यावर तरंगत गेली.

तेव्हापासून किनाऱ्यावर वादळ धडकल्याची बातमी आली की आम्ही पुढच्या दोन दिवसांची तयारी करतो. गावाजवळच्या रपट्याच्या (ठेंगण्या पुलाच्या) दगडी खांबावर गुडघ्याच्या उंचीवर पांढरा पट्टा मारला आहे. पट्टा पाण्याखाली गेला की दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसे दोर बांधून उभी राहतात आणि कोणालाही सोडत नाहीत, मग तो गावचा सरपंच असो की सासरी निघालेली लेक. दोन फूट वाहते पाणी जीपसारखे वाहनही उचलते. अडवणाऱ्यांना शिव्या खाव्या लागतात, त्या त्यांनी खाव्यात.

आशा कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा

दादा, मी आरोग्याचे तेवढे लिहिते. भामरागडकडे पर्लकोटा नदीच्या पुराने वाट बंद होणे दरवर्षीचेच आहे, त्यामुळे आम्ही पावसाआधीच गरोदर बायांची यादी तारखांसह करतो आणि दिवस भरत आलेल्यांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहण्याच्या जागेत) नेऊन ठेवतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या ज्यांना रोज लागतात त्यांच्या घरी पंधरा दिवसांचा साठा हवा. या दोन याद्या प्रत्येक गावात असाव्यात असे मला मनापासून वाटते.

पाणी ओसरल्यावर विहीर गढूळ असते आणि लोक निवळलेले पाणी चांगले समजून पितात. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग बादली भरून ढवळावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वरखाली करावी. निदान एक तास ते पाणी काढू नये. नंतर पाण्यातले क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग दिसला तरच प्यावे, नाहीतर उकळून प्यावे.

मदतीच्या गाड्या रस्त्यालगतच्या घरांपाशी थांबतात आणि शेवटच्या वस्तीपर्यंत काहीच जात नाही, हे मी तीनदा पाहिले आहे. वाटप एका जागी, बचत गटाच्या बायांच्या हातून आणि घरांची यादी समोर ठेवून व्हावे. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, हे त्यांना विचारावे लागत नाही.

वैनगंगाकाठ

गुरुजी, दादा, ताई, आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. घरांची जोडणी आणि भिंतीवरची यादी आम्ही येत्या ग्रामसभेत घेतो. प्रत्येक कोठ्याच्या दारावर, हात पोहोचेल इतक्या उंचीवर, एक विळा कायमचा टांगावा असे मी घरोघरी सांगायला सुरुवात केली आहे. पाणी चढू लागले की आधी दावी सोडायची, हेही सांगतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहून गेली होती आणि आपली उत्तरे वाचताना ती टोचली. त्या रात्री माणसे उतरवताना एक डोंगा विजेच्या खांबावर आदळून फुटला आणि दोन घरांची जाळी वाहून गेली. त्या ढिवर बांधवांचे पोट त्यावरच होते. पिकांचे पंचनामे झाले, घरांचे झाले. या डोंग्याचे नाव कोणत्याही कागदावर आले नाही आणि आम्ही गावकऱ्यांनीही विचारले नाही. आता वर्गणी काढून नवा डोंगा करून द्यायचे आम्ही दहा-बारा घरांनी ठरवले आहे. लाकूड कोणते घ्यावे आणि कोणाकडून करून घ्यावा, हे त्यांनाच विचारायला उद्या सकाळी आम्ही त्यांच्या मोहल्ल्यात जात आहोत.