मदत हवी आहे : हाताला कंप असलेल्या आईसाठी विंडोज ११ ची सेटिंग्ज

नमस्कार मंडळी,

आईसाठी विंडोज ११ चा लॅपटॉप नीट लावून द्यायचा आहे. आम्ही नागपूरला, महाल भागात राहतो. आई एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होती. वस्तीतल्या भजनी मंडळासाठी ती खंजिरी भजनं टाइप करते आणि मोठ्या अक्षरांत छापून सगळ्या बायांना वाटते. या कामात तिचा फार जीव आहे. आता उजव्या हाताला कंप आला आहे (उपचार सुरू आहेत, त्याबद्दल विचारत नाही), आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षरं तिला त्रासाची जातात. मी दिवसभर बुटीबोरीला कामावर असतो. मला फोन न करता सगळं जमलं पाहिजे असा तिचा आग्रह आहे आणि तो मला रास्त वाटतो. टॅब घेऊन द्या असं कृपया सुचवू नका. दहाही बोटांनी टंकन करणाऱ्या बाईला काचेवर एका बोटाने लिहायला लावणं मला पटत नाही.

आतापर्यंत एवढं केलं आहे : सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टेक्स्ट साइझ वाढवला, माऊसचा बाण मोठा आणि पिवळा केला, टास्कबारवरची बटणं डावीकडे आणली. बाण पिवळा केल्याचा फायदा सर्वांत जास्त झाला, तो आता हरवत नाही.

अडचणी अशा आहेत.

डबल क्लिक होत नाही. दोन क्लिकच्या मधे हात हलतो आणि फाइल उघडण्याऐवजी उचलली जाऊन भलत्याच फोल्डरमध्ये पडते. मागच्या आठवड्यात भजनांचा अख्खा फोल्डर असाच दुसरीकडे गेला. सापडला, पण तोवर आई फार घाबरली होती.

दुसरं, टाइप करता करता मधेच स्टिकी कीज, फिल्टर कीज अशा चौकटी उघडतात. ती भीतीने 'हो' दाबते आणि मग कीबोर्ड वेगळाच वागायला लागतो. भाषाही आपोआप मराठीची इंग्रजी होते.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. तिची बोटं टाइपरायटरच्या कळांवर बसलेली आहेत. विंडोजच्या मराठीत मला दोन कीबोर्ड दिसले : इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची स्वतःची मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, मराठी उमटतं). फोनेटिक लावून दिला, तर ती म्हणते, "मराठी लिहायला मी इंग्रजीत कायले विचार करू?" मग काय लावावं?

आणि पूर्ण विंडोज मराठीत करावं का?

प्रतिसाद

डबल क्लिकचा विषयच संपवा. कंट्रोल पॅनलमध्ये फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स उघडा, तिथे एका क्लिकने उघडण्याचा पर्याय आहे. रिसायकल बिनच्या प्रॉपर्टीजमध्ये डिलीट करण्याआधी विचारायची खूण करून ठेवा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये ऑटो अरेंज चालू केलं की आयकॉन इकडेतिकडे जाणार नाहीत.

विंडोज मराठीत करू नका. काही भाग इंग्रजीतच राहतो, आणि फोनवर कुणी मदत करायला बसलं तर त्यांच्या पडद्यावरचे शब्द आणि काकूंच्या पडद्यावरचे शब्द जुळत नाहीत.

प्रतिसाद

फाइल उचलली जाण्यावर थेट उपाय आहे. बाण ४ पिक्सेल सरकला की विंडोज त्याला ओढणं समजतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलण्याचा प्रोग्रॅम) एचकी करंट यूजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप इथे ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट अशा दोन नोंदी आहेत. दोन्हींत ४ च्या जागी ४० लिहा आणि लॉग आउट करून परत या. बाकी कशाला हात लावू नका. थरथरत्या हातासाठी याइतका उपयोगी बदल मला माहीत नाही.

आता त्या स्टिकी कीज, फिल्टर कीजच्या चौकटींबद्दल. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली की स्टिकी कीज येतं, उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज (चुकून किंवा पुन्हा बसलेले ठोके सोडून देणारी सोय). जुन्या टंकलेखकांची करंगळी शिफ्टवर टेकलेली असते, म्हणून हे होत असावं. दोन्हींचे शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड पानावर बंद करा. पण स्टिकी कीज स्वतः मुद्दाम चालू करून बघा. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, भ, ध ही सगळी शिफ्टवर आहेत. स्टिकी कीज असेल तर शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचं, दोन कळा एकत्र धरायची गरज नाही. 'खंजिरी' आणि 'भजन' दोन्हींना ते लागणारच. फक्त दोनदा दाबल्यावर शिफ्ट अडकून राहण्याचा पर्याय काढून टाका.

एक अक्षर दोनदा उमटत असेल तर फिल्टर कीजमधलं बाउन्स कीज वापरा, त्याच कळेचा लगेच बसलेला दुसरा ठोका ते सोडून देतं. फोनेटिकमध्ये ते गैरसोयीचं ठरतं, कारण तिथे दीर्घ स्वरासाठी तीच कळ दोनदा दाबावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये ही अडचण जवळपास नाही. 'त्त' लिहितानासुद्धा त, हलन्त, त असं लिहितो, मधे वेगळी कळ येतेच.

भाषा बदलते ती डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेल्यामुळे. टाइपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा आणि ती जोडी काढा. विंडोज आणि स्पेसबार ही जोडी राहू द्या, ती चुकून दाबली जाणं कठीण.

टाइपरायटरची मांडणी युनिकोडवर (संगणकावर अक्षरं साठवण्याची आजची प्रमाण पद्धत) देणारी साधनं आहेत, पण मला इनस्क्रिप्ट बरा वाटतो. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची सवय असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. काही साधनं हे सांभाळून घेतात, काही ठिकाणी वेलांटी भलत्या अक्षराला लागते. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मात्र काकूंचा कंप उजव्या हाताला आहे, तेव्हा त्यांना आधी दोन्ही करून बघू द्या. शेवटी बोटं त्यांची आहेत.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रजिस्ट्रीतला बदल काल रात्री केला. आज दुपारी आईचा फोन आला तो जेवलास का विचारायला. फाइल हलल्याची तक्रार नव्हती. स्टिकी कीज तिला आवडलं. इनस्क्रिप्टचा तक्ता मोठा छापून मागितला आहे, आणि टाइपरायटरवाला नको म्हणाली, "अर्धं जुनं अर्धं नवं असलं की जास्त चुकते."

एक शंका राहिली. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे. डिस्प्लेमधलं स्केल १५० टक्के केलं की काही जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्यांचं ओके बटण पडद्याच्या खाली जातं. स्केल १२५ ठेवून टेक्स्ट साइझ अजून वाढवावा की मॅग्निफायर (पडद्याचा भाग मोठा करून दाखवणारी सोय) शिकवावा? डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या घरच्यांसाठी कुणी असं लावून दिलं असेल तर जरूर लिहा.