आवाज हळूहळू मागे पडत असेल तर

व्हिडिओत चित्र आणि आवाज जुळत नसतील तर ऑडिओ डिले द्या, म्हणजे सगळा आवाज ठरावीक वेळाने पुढेमागे सरकवा, असा उपाय सुचवतात; तो फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तरच लागू पडतो. आधी सगळं जुळतं आणि पुढे बिनसत जातं, तेव्हा दुखणं बहुतेकदा फ्रेमरेटचं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स (स्थिर चित्रं) दाखवल्या जातात त्याचं असतं. २३.९७६ चं चित्र २४ ने पळवलं, की तासाला ३.६ सेकंद आवाज मागे राहतो.

मोबाइलवरच्या चित्रीकरणात तर फ्रेमरेट सतत बदलतो, उजेड कमी झाला की घसरतो. बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं बरोबर होती, सप्तपदीला मात्र भटजींचे ओठ मिटल्यावर मंत्र ऐकू यायचे! दोन रात्री डिले बदलत बसलो. शेवटी मूळ फाइलच हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० फ्रेम्स आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (न बदलणारा फ्रेमरेट) निवडून नव्याने काढली, मग एडिटिंगला घेतली. शेवटच्या मिनिटापर्यंत शब्द ओठांवर बसला.